केरीच्या थंडीत काय शिजवावे आणि केव्हा खावे

पुण्याकडून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या केरी गावी राहायला आलेल्या एका कुटुंबाचा हा प्रश्न आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या इथल्या पहाटा त्यांना अपेक्षेपेक्षा फार गार वाटल्या, म्हणून त्यांनी घाटावरचा नेहमीचा हिवाळी आहार सुरू केला: बाजरीची भाकरी, तीळकूट, सढळ हाताने तूप आणि डिंकाचे लाडू. थोड्याच दिवसांत घरातल्या सासूबाईंना छातीत जळजळ आणि पोटात जडपणा जाणवू लागला. गोव्यातल्या डोंगराकडच्या गावांत लोक थंडीत नेमके काय खातात, कोणत्या वेळी खातात आणि ऊब कशी राखतात, असे त्यांनी विचारले आहे. मी याच तालुक्यातली असून कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, सांभाळते आणि कुळागरात मुक्कामाला येणाऱ्यांचा स्वयंपाक बरीच वर्षे करीत आले आहे, तेव्हा उत्तर थोडे विस्ताराने देते.

इथली थंडी दिवसभराची नसते, ती ठरावीक तासांची असते, आणि जेवणाची सगळी गणिते त्यावरच बसवावी लागतात. पणजीत जानेवारीतले सरासरी किमान तापमान 20 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि कमाल 32 अंशांच्या आसपास असते, कारण जवळचा समुद्र रात्रीचा पारा फार खाली जाऊ देत नाही. केरी, वाळपई या पट्ट्यात मात्र काही पहाटा 15–16 अंशांपर्यंत उतरतात, आणि दुपारचा पारा पणजीइतकाच किंवा त्याहून किंचित वरच असतो. रात्री आभाळ निरभ्र असले की जमीन झपाट्याने निवते, मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा घाटाकडून खाली येतो आणि डोंगरउतारावरची जड गार हवा घरंगळत दरीत येऊन साचते. नद्यांच्या काठी धुके बसते ते त्यामुळेच. शिवाय सह्याद्रीची भिंत आपल्या पूर्वेला उभी असल्यामुळे किनाऱ्यावर ऊन पडले तरी डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांवर बराच वेळ सावलीच असते. कुळागराला लागून घर असेल तर पोफळींची दाट सावली आणि पाटाचे वाहते पाणी यांची ओल त्यात भर घालते. संध्याकाळी सातनंतर जाणवू लागणारा हा गारवा सकाळी नऊ-साडेनऊला संपतो आणि अकरा वाजता माणूस अंगणात सुपाऱ्या वाळत घालताना घामाघूम होतो.

घाटावरची थंडी कोरडी असते. कातडी तडकते, ओठ फुटतात, आणि तिथल्या जेवणातली स्निग्धता त्या कोरडेपणावरचा उपाय म्हणून आलेली आहे. आपल्याकडच्या हवेत हिवाळ्यातही दमटपणा असतो. बाजरी आणि तूप वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही, पण रात्री साडेनऊला तुपात भिजलेली भाकरी आणि वर लाडू खाऊन गारठा वाजतो म्हणून लगेच पांघरुणात शिरले, तर जळजळ होणारच. स्निग्ध अन्न पोटातून सावकाश पुढे सरकते आणि आडवे झाल्यावर आम्ल वर येते. सासूबाईंसाठी पहिला बदल पदार्थांत करण्याऐवजी वेळेत करा. बाजरीची भाकरी हवीच असेल तर ती दुपारी द्या, रात्रीचे जेवण सातच्या सुमारास उरका आणि ते पातळ व गरम ठेवा. इतके करूनही त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. स्वयंपाकघरातून प्रत्येक जळजळ बरी होत नाही.

आमच्याकडे दिवसाचा मुख्य आधार पेज आहे. सकाळी उठल्यावर चहाबरोबर पोदेराचा (पाववाल्याचा) पाव किंवा रात्रीच्या तांदळाच्या भाकरीचा तुकडा इतकेच पोटात जाते, आणि दहा-अकराच्या सुमारास, शेतातले किंवा कुळागरातले पहिले काम संपले की, पेज घेतली जाते. ती उकड्या तांदळाचीच हवी. सुरय (न उकडलेल्या) तांदळाची पेज लवकर शिजते, पण ती चिकट होते आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. भात साळीसकट उकडून वाळवल्यामुळे कोंड्याजवळची जीवनसत्त्वे, विशेषतः थायमिन, दाण्याच्या आत मुरतात आणि कांडून कोंडा काढल्यावरही बऱ्याच प्रमाणात टिकतात. एक वाटी तांदळाला सात-आठ वाट्या पाणी घ्यावे, पाण्याला आधण आले की तांदूळ वैरावेत आणि मंद आचेवर तासभर तरी शिजू द्यावेत. शीत फुलून मऊ झाले पाहिजे, पण विरघळता कामा नये. मीठ उतरवताना घालावे. सोबत भाजलेला खारा बांगडा, सुक्या सुंगटांचे (कोळंबीचे) खोबरे घातलेले किसमूर किंवा मिठात मुरवलेली तोरे (छोट्या कैऱ्या). शाकाहारी घरात लोणच्याची फोड आणि आदल्या रात्रीची एखादी सुकी भाजी पुरते. उन्हाळ्यात पेज निववून पितात. थंडीत मात्र ती चुलीच्या वैलावरून थेट वाडग्यात येते. सासूबाईंना सुरुवातीला हीच पेज सकाळी आठला द्या, कारण गारवा त्याच वेळी जास्त असतो आणि पोट रिकामे असते.

आता कुळथाबद्दल. थंडीतला एकच पदार्थ शिकायचा असेल तर मी कुळथाचे कळण शिकायला सांगेन. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर हे पीक येते, त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही, आणि 100 ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. त्यातून एका शिजवणीत दोन पदार्थ निघतात, त्यामुळे सरपण आणि गॅस दोन्ही वाचतात.

कुळीथ निवडताना घाई करू नका. त्यातले खडे आकाराने आणि रंगानेही दाण्यासारखेच असतात आणि ताटात डोळ्यांना फसवतात. म्हणून सुपात पाखडून झाल्यावर पाण्यात रोळावेत: पसरट भांड्यात भरपूर पाणी घेऊन भांडे हलकेच गोल फिरवत दाणे पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे, खडे तळाशी राहतात. एक वाटी कुळीथ कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. थंडीच्या दिवसांत गार पाण्यात दाणा नीट फुगत नाही. सकाळी भिजवलेले पाणी टाकून आठ वाट्या ताजे पाणी घालून शिजवा. चुलीवर तासाहून अधिक वेळ लागतो. कुकरमध्ये सहा-सात शिट्ट्यांनंतर दहा मिनिटे मंद आच पुरते, मात्र कुळीथ जुना असेल तर याहून जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणून दुकानातून घेताना यंदाचा आहे ना ते विचारून घ्या. शिजताना त्यात मीठ किंवा आंबट काहीही घालू नये. आंबटामुळे दाण्याची साल मऊ होत नाही आणि मग कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणा दाताखाली कडकच लागतो.

दाणा बोटांत सहज चिरडला की गरम असतानाच गाळून घ्या. खाली येणारे लालसर तपकिरी पाणी म्हणजे कळण. त्यात मूठभर शिजलेले कुळीथ वाटून मिसळा म्हणजे त्याला अंग येते. सहा-सात ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, एक मोडलेली हिरवी मिरची, चार आमसुले आणि मीठ घालून पाच मिनिटे उकळू द्या. शेवटी लोखंडी पळीत खोबरेल तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि पुन्हा दोन ठेचलेल्या पाकळ्या घाला. लसूण पिवळी होऊन तिच्या कडा तांबूस झाल्या की लगेच फोडणी ओता आणि वर झाकण ठेवा. पळीतच लसूण पूर्ण तांबूस होऊ दिली तर कळणात पडेपर्यंत ती करपते आणि सगळे कळण कडवट होते. सासूबाईंसाठी वेगळ्या वाटीत काढताना मिरची वगळा आणि आमसुले दोनच ठेवा. गाळून उरलेल्या दाण्यांचे तोंडाक करावे: ओले खोबरे, धणे, सुकी मिरची, चार-पाच मिरी, एखादी लवंग आणि कांदा भाजून वाटायचे आणि त्या वाटपात दाणे शिजवायचे. दुपारी भाताबरोबर तोंडाक आणि रात्री भाताबरोबर किंवा नुसतेच वाडग्यातून कळण, अशी विभागणी आमच्या घरी असते. घाईच्या रात्री भाजलेल्या कुळथाच्या पिठाची पिठी करतात. तीही उत्तम, फक्त पीठ गार पाण्यात कालवून मगच फोडणीत सोडावे, नाहीतर गुठळ्या होतात.

दुसरा हिवाळी ठेवा जमिनीखालचा आहे. पावसाच्या तोंडावर लावलेल्या कणगांचे (रताळ्यासारख्या छोट्या कंदांचे) वेल नोव्हेंबर-डिसेंबरात पिवळे पडून सुकतात आणि मग ती खणून काढतात. त्याच सुमारास सुरण, माडी (अळूचा मोठा कंद), रताळी हीही बाजारात दिसू लागतात. कणगे धुऊन सालासकट मिठाच्या पाण्यात उकडावे, गरम असतानाच साल काढावे आणि ओल्या खोबऱ्याबरोबर खावे. रात्री शेकोटीच्या कडेला निखारे विझत आले की राखेत पुरूनही ती भाजतात. ज्वाळेत टाकली तर बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची, असे होते. सुरण आणि माडी यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. चिरताना हाताला तेल लावावे आणि शिजताना आमसुले किंवा चिंच घालावी. रानातले करांदे कोणी हौसेने आणून दिले तर मात्र स्वतः प्रयोग करू नका. ते कडू असतात, कच्चे किंवा अर्धकच्चे पोटात गेल्यास विषारी ठरू शकतात, आणि ते कितीदा उकळून पाणी टाकायचे हे हाताखाली शिकलेल्या माणसाकडूनच समजून घ्यावे.

या सगळ्या कंदांना एकत्र आणणारा पदार्थ म्हणजे खतखते. हॉटेलांतून मिळणारे खतखते बहुधा दाट, तेलकट आणि गोडमिट्ट असते, ते पाहून मत बनवू नका. घरचे खतखते फोडणीशिवाय होते. शिजलेल्या तूरडाळीत आधी सुरण, माडी आणि कणगे, मग मुळा, कच्चे केळे, मक्याच्या कणसाचे तुकडे, शेवगा, आणि शेवटी रताळे व भोपळा घालायचा, म्हणजे कठीण ते आधी आणि मऊ ते नंतर. सुरण घालताना त्याच्याबरोबर दोन आमसुले टाकावीत. ओले खोबरे, सुकी मिरची आणि हळद यांचे वाटप, थोडा माडाचा गूळ आणि आणखी दोन आमसुले सर्वांत शेवटी घालावीत. तिरफळे आठ-दहा घ्यावीत, त्यातली काळी बी टाकून द्यावी, टरफल पाण्यात हलके ठेचावे आणि ते पाण्यासकट घालावे. तिरफळ वाटपात बारीक वाटले की सगळा पदार्थ बधिर कडू लागतो. खतखते सकाळी करून दुपारी खावे आणि रात्री पुन्हा उकळी आणावी. दुसऱ्या वेळी त्याची चव अधिक लागते. तेल जवळजवळ नसल्यामुळे हा पदार्थ पोटभर होऊनही जड होत नाही, म्हणून वडीलधाऱ्या माणसांसाठी मला तो थंडीतल्या कोणत्याही पक्वान्नापेक्षा सरस वाटतो.

पालेभाज्या इथे याच दिवसांत खऱ्या अर्थाने मिळतात. दसरा-दिवाळीनंतर शेतात तांबडी भाजी (तांबडा माठ), मुळा, वाल, वांगी, मिरची यांचे वाफे तयार होतात. तांबडी भाजी चिरून कांदा, मिरची आणि खोबरे घालून स्वतःच्या पाण्यातच शिजवावी. अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) थोडे उशिरा, जानेवारीनंतर येऊ लागतात आणि त्यांचेही तोंडाक होते. कडधान्य साठवायचे असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापर्यंत जाण्याची गरज नाही. गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याला आताच सांगून ठेवा.

नाचणीबद्दल अनेकजण विचारतात की ती थंड असते, मग हिवाळ्यात चालेल का. उन्हाळ्यात पिण्याची आंबील निववलेली असते, त्यावरून हा समज झाला असावा. एका 100 ग्रॅम नाचणीत साधारण 340 ते 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तुमच्या सासूबाईंच्या वयाला त्याचा उपयोगच आहे. नाचणीचे सत्त्व काढून नारळाच्या रसात आणि माडाच्या गुळात शिजवलेले तिजण कढत असताना, किंचित सुंठ घालून द्यावे. ढवळणे मात्र सोडू नये, ते तळाला फार लवकर लागते. गोडासाठी डिंकाचे लाडू रोज करण्यापेक्षा कधी हरभऱ्याच्या डाळीचे मणगणे (खीर) करावे, आणि जत्रांच्या दिवसांत खाजे आणावे. बेसनाच्या कांड्यांवर गूळ, आले आणि तीळ यांचा लेप असल्यामुळे खाजे म्हणजे गोव्याने आपल्या पद्धतीने केलेला तीळगूळच आहे. 3 डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताला आणि पौष-माघातल्या जत्रांना त्याची दुकाने लागतात. नरम पडलेले घेऊ नका; कांडी मोडताना कट असा आवाज आला पाहिजे.

पौषात अनेक गावांत मांडावर (त्यासाठी ठरलेल्या अंगणात) धालो असतात आणि बायका रात्री उशिरापर्यंत उघड्यावर फेर धरतात. तुम्हाला बोलावणे आले तर जरूर जा, पण जाताना कानाला रुमाल बांधा आणि पायात मोजे घाला, कारण नाचताना थंडी कळत नाही, थांबल्यावर घाम गार पडतो तेव्हा ती बाधते. परत आल्यावर धणे, जिरे, मिरी, आले आणि गवती चहाची पात उकळून गूळ घातलेला कषाय घ्यावा. त्यात दूध घातले तर बरे लागते, पण रात्री मी नुसताच घेते.

उबेसाठी जुन्या घरांत न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचे भाण कायम असते आणि पहाटे त्यातल्या गरम पाण्यानेच दिवस सुरू होतो. तुमच्या घरी गीझर असेल तर तोही चालेल, न्हाणीच्या धुराची हौस धरण्याचे कारण नाही. अंगणात शेकोटी पेटवून धगीला बसणे सुखाचे आहे, मात्र खोली ऊबदार करण्यासाठी पेटते निखारे घमेल्यात घालून दारे-खिडक्या लावून घेणे जिवावर बेतू शकते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला काही कळण्याआधीच शुद्ध हरपते. जुन्या घरांत कौलांच्या फटींतून हवा खेळत असे, सिमेंटच्या स्लॅबखाली ती सोय नाही. अंगावर एक जाड रजई घेण्यापेक्षा दोन पातळ वाकळी घ्याव्यात, म्हणजे पहाटे थंडी वाढली की दुसरी ओढता येते.

सरपण आणि पातेरा गोळा करण्यासंबंधी एक गोष्ट इथे बाहेरून आलेल्यांना कोणी आपणहून सांगत नाही. सत्तरीत 2015 साली पाली गावात माकडतापाचे रुग्ण आढळले आणि त्यानंतर तालुक्यात तो दरवर्षीच्या सावधगिरीचा विषय झाला. हा आजार जंगलातल्या गोचिडांमुळे होतो आणि त्याचा हंगाम डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे नेमका लाकूडफाटा आणि सुकी पाने आणण्याच्या दिवसांत असतो. रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा, गोचीड दूर ठेवणारे मलम लावा आणि पानांच्या ढिगावर बसू नका. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ करा आणि काखा, कानामागचा भाग, गुडघ्यामागची घडी तपासा. रानात मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता पंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर कषाय पीत घरी न थांबता आरोग्य केंद्रात जा आणि रानात गेला होता हे आवर्जून सांगा. मी स्वतः हिवाळ्याचे सरपण पाऊस येण्यापूर्वीच, एप्रिल-मेमध्ये कुळागरातल्या झावळ्या, पिढे (झावळ्यांचे जाड देठ) आणि छाटलेल्या फांद्यांचे करून ठेवते, म्हणजे थंडीत रानात पाऊल टाकावे लागत नाही. तुमच्या घरामागे माड-पोफळी असतील तर तुम्हीही यंदाच्या झावळ्या जाळून टाकण्याऐवजी पडवीत रचून ठेवा.

पहिल्या आठवड्यासाठी तुमच्या घरापुरते मी असे सुचवीन: सकाळी आठला सर्वांना गरम पेज, दुपारी भात, तोंडाक आणि तांबडी भाजी, त्याबरोबर ज्यांना पचते त्यांना बाजरीची भाकरी, चारच्या सुमारास सासूबाईंना वाटीभर तिजण, आणि रात्री सातला मऊ भात व कळण किंवा उरलेले खतखते. तूप दुपारच्या भातावर चमचाभर ठेवा. डिंकाचे लाडू केलेले असतील तर टाकू नका, डबा घट्ट लावून ठेवा आणि सकाळच्या पेजेनंतर अर्धा-अर्धा संपवा. इथल्या दमट हवेत ते तुमच्या पुण्याच्या घरच्यापेक्षा लवकर खवट होतात.